फळ्यावरच्या दोन रेषा : आल्फ्रेड मार्शल

द्वितीय वर्ष बी. ए. (अर्थशास्त्र)

अर्थशास्त्राच्या पहिल्याच आठवड्यात फळ्यावर दोन रेषा येतात. एक डावीकडून उजवीकडे खाली उतरत जाते, दुसरी खालून वर चढत जाते. जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे खडूने एक ठळक टिंब दिले जाते आणि ही झाली समतोल किंमत, असे सांगितले जाते. वर्गातली मुले भराभर वहीत आकृती उतरवतात, मीही उतरवली. पण खरे सांगायचे तर त्या दिवशी मला त्यातले काहीही कळले नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. आलेख म्हणजे गणिताच्या पेपरातले शेवटचे चार गुण, आणि गणित सुटावे म्हणून तर कला शाखेला आलेली, अशी माझी समजूत.

प्रथम वर्षाच्या पहिल्या चाचणीत मी मागणीची अनुसूची बरोबर लिहिली, पण आकृतीत किंमत आडव्या अक्षावर घेतली आणि नगसंख्या उभ्या अक्षावर. शाळेत शिकवले होते की जे आधी ठरते ते आडव्या 'क्ष' अक्षावर घ्यायचे आणि जे त्यावरून बदलते ते उभ्या 'य' अक्षावर. किंमत बदलली की मागणी बदलते, असे तर पुस्तकातच छापले होते. मग माझे चुकले कुठे? पेपर हाती आला तेव्हा आकृतीवर तांबडी फुली होती आणि पाचपैकी शून्य गुण. विचारायला गेले तर उत्तर मिळाले की आकृती अशीच काढतात. अशीच का, हे कोणी सांगितले नाही. ते शून्य माझ्या मनात बरेच दिवस सलत राहिले. पुढे ग्रंथालयात जुनी पुस्तके चाळताना समजले की या 'अशीच' ला एक माणूस जबाबदार आहे. त्याचे नाव आल्फ्रेड मार्शल. त्या माणसाची ओळख मैत्रिणींना आणि मित्रांना करून द्यावी म्हणून हा लेख.

मार्शल यांचा जन्म २६ जुलै १८४२ रोजी लंडनमधील बर्माँडसी या भागात झाला. हा भाग श्रीमंतांचा नव्हे. वडील बँक ऑफ इंग्लंडमध्ये रोखपाल होते. नोकरी प्रतिष्ठेची, पण घर साधे, आणि वडिलांचा स्वभाव अतिशय करडा. मुलाने धर्मोपदेशक व्हावे हा त्यांचा हट्ट. त्यासाठी ते लहानग्या आल्फ्रेडकडून रात्री अकरा अकरा वाजेपर्यंत हिब्रू भाषेचा अभ्यास करून घेत. गणित त्यांना मुळीच आवडत नसे. बुद्धिबळाचाही तिटकारा, मी कधी बुद्धिबळ खेळणार नाही असे वचनच त्यांनी मुलाकडून घेतले होते. शाळेत हा मुलगा किरकोळ अंगाचा, फिकट चेहऱ्याचा, बेताच्या कपड्यांतला. मुलांनी त्याचे नाव चरबीची मेणबत्ती असे पाडले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक आत्या त्याला समुद्रकाठच्या आपल्या घरी नेई आणि तिथे होडी, बंदूक आणि तट्टू देऊन मोकळा सोडी. तेवढ्यावर तो तगला म्हणायचा.

मर्चंट टेलर्स शाळेत त्याला गणिताची गोडी लागली. घरी उघडपणे अभ्यास करण्याची सोय नव्हती. मग शाळेच्या वाटेवर तो खिशात युक्लिडच्या भूमितीचे पुस्तक ठेवी. एक सिद्धांत वाचायचा, पुस्तक पुन्हा खिशात घालायचे आणि चालता चालता तो मनातल्या मनात सोडवायचा. ही गोष्ट वाचली तेव्हा मला एस. टी.ची वाट पाहत फाट्यावर उभे राहून केलेला माझा अभ्यास आठवला. अर्थात तुलना तिथेच संपते, कारण मी चालता चालता एकही सिद्धांत सोडवलेला नाही.

शाळा संपताना ऑक्सफर्डची शिष्यवृत्ती त्यांच्या वाट्याला येण्यासारखी होती. तो रस्ता लॅटिन, ग्रीक आणि पुढे धर्मपीठ असा सरळ आखलेला होता. मार्शल यांनी तो नाकारला. वडिलांकडे केंब्रिजला पाठवण्याइतके पैसे नव्हते आणि गणितासाठी ते दिलेही नसते. ऑस्ट्रेलियात जाऊन पैसा मिळवलेल्या एका काकांनी कर्ज दिले आणि मुलगा केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला. १८६५ साली गणिताच्या परीक्षेत तो दुसरा रँग्लर ठरला. पहिला आलेला विद्यार्थी पुढे लॉर्ड रॅले म्हणून प्रसिद्ध झाला आणि १९०४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यास मिळाले, तेव्हा दुसरा क्रमांक काही लाजिरवाणा नव्हता. रँग्लर हा शब्द आपल्याला परका नाही. आपले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली त्याच सेंट जॉन्स कॉलेजातून सीनिअर रँग्लर झाले आणि महाराष्ट्र त्यांना कायमचा रँग्लर परांजपे म्हणू लागला.

आता प्रश्न असा की एवढा गणिती माणूस अर्थशास्त्राकडे वळला कसा? केंब्रिजमध्ये समाजातील विषमतेबद्दल बोलताना एका मित्राने त्यांना सुनावले की अर्थशास्त्र वाचले असतेस तर असे बोलला नसतास. मार्शल यांनी ते मनावर घेऊन जॉन स्टुअर्ट मिल यांचा ग्रंथ वाचायला घेतला. पण त्याहून मोठे कारण दुसरेच होते. सुट्टीत ते निरनिराळ्या शहरांच्या गरीब वस्त्यांतून एकेक गल्ली पालथी घालीत आणि लोकांचे चेहरे पाहत. पुढे त्यांनी एका दुकानाच्या खिडकीत एक लहानसे तैलचित्र पाहिले. त्यात एक खंगलेला, हरलेला माणूस होता. काही शिलिंगांना ते विकत घेऊन त्यांनी कॉलेजातील आपल्या खोलीत शेकोटीच्या वर लावले आणि त्यालाच आपला रक्षणकर्ता संत मानले. दारिद्र्य अटळ आहे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे त्या चित्राच्या रूपाने रोज उभा असे. फळ्यावरच्या थंडगार रेषांच्या मागे असा एक चेहरा आहे, हे आपल्याला पाठ्यपुस्तकात सांगत नाहीत.

मिलचे पुस्तक वाचताना त्यांनी एक वेगळाच उद्योग केला. मिलने शब्दांत मांडलेले सिद्धांत ते गणितात उतरवू लागले. मग फ्रेंच विद्वान कूर्नो यांचा १८३८ सालचा ग्रंथ त्यांच्या हाती पडला. मागणीचा वक्र काढणाऱ्या पहिल्या मंडळींत कूर्नो येतात. आणि गंमत पाहा, कूर्नो यांनी किंमत आडव्या अक्षावरच घेतली होती! म्हणजे माझी चाचणीतली आकृती चुकीची नव्हती, फक्त ती कूर्नो यांच्या पद्धतीची होती. हे मला वेळेवर ठाऊक असते तर पाच गुणांसाठी मी नक्कीच भांडले असते.

मार्शल यांनी अक्ष का फिरवले? त्यांच्या विचाराची सुरुवातच निराळी होती. बाजारात अमुक इतका माल आहे, असे ते आधी धरतात. मग विचारतात, एवढा सगळा माल खपायचा तर गिऱ्हाईक जास्तीत जास्त काय किंमत देईल? ती मागणी किंमत. आणि एवढा माल पुन्हा पुन्हा बाजारात यायचा तर उत्पादकाला कमीत कमी काय किंमत मिळायला हवी? ती पुरवठा किंमत. मागणी किंमत पुरवठा किमतीपेक्षा जास्त असेल तर उत्पादन वाढेल, कमी असेल तर घटेल. दोन्ही सारख्या झाल्या की माल स्थिरावेल. म्हणजे आधी नग ठरतो, मग किंमत. म्हणून नग आडव्या अक्षावर आणि किंमत उभ्या अक्षावर. शाळेतला नियम त्यांनी मोडला नव्हता, तो पाळलाच होता. घोटाळा झाला तो नंतर. किंमत बदलली की मागणी बदलते, ही मांडणी मुख्यतः फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ वॉल्रा यांची. आपल्या पुस्तकांनी शब्द वॉल्रा यांचे घेतले आणि आकृती मार्शल यांची ठेवली. मग विद्यार्थी गोंधळला तर नवल काय?

मला हे कळले ते मात्र बाजारात. आमची आई आठवडे बाजारात भाजी विकते आणि मी सुट्टी असेल तेव्हा तिच्या शेजारी बसते. पहाटे टोमॅटोचे तीन कॅरेट घेऊन आम्ही निघतो. माल ठरलेला असतो, कारण जे तोडले ते तोडले, ते पुन्हा वेलावर लागत नाही. भाव मात्र गावाला पोहोचल्यावर ठरतो. आई आधी सगळ्या बाजारात एक चक्कर मारते, कोणाकडे किती कॅरेट आले ते पाहते आणि मग भाव सांगायला सुरुवात करते. दिवे लागणीच्या वेळी उरलेला माल ती मिळेल त्या भावाला देते. मार्शल यांनी अगदी असेच उदाहरण मासळी बाजाराचे घेतले आहे. एका दिवसापुरता विचार केला तर मासळी जेवढी आली तेवढीच, म्हणून भाव जवळजवळ सगळा मागणीवर ठरतो. आकृतीत पुरवठ्याची रेषा तेव्हा ताठ उभी राहते. काही महिन्यांचा विचार केला तर कोळी जास्त वेळ समुद्रावर जाऊ शकतात, जुन्या होड्या पुन्हा बाहेर काढू शकतात, आणि रेषा थोडी कलते. काही वर्षांचा विचार केला तर नव्या होड्या बांधता येतात, नवी माणसे या धंद्यात येतात, आणि मग उत्पादनखर्चाचा जोर चालू लागतो. किंमत उपयोगितेने ठरते की खर्चाने, यावर त्या काळी पंडितांत मोठा वाद होता. मार्शल यांनी कात्रीचा दाखला दिला. कागद कात्रीच्या वरच्या पात्याने कापला की खालच्या, असे विचारण्यात अर्थ नाही. दोन्ही पाती लागतात. फळ्यावर छेदणाऱ्या दोन रेषा कात्रीसारख्याच दिसतात, हे कदाचित सर्वांच्या लक्षात येत नसेल.

त्यांची आणखी एक कल्पना मला फार आवडली. अर्थव्यवहारात एकाच वेळी हजार गोष्टी बदलत असतात. भाव, उत्पन्न, आवडीनिवडी, दुसऱ्या मालाच्या किमती, सगळेच. सगळ्यांचा एकदम विचार करता येत नाही. म्हणून मार्शल म्हणतात की ज्यांचा आत्ता विचार करायचा नाही त्यांना काही काळ एका कोंडवाड्यात घालून ठेवा. 'इतर परिस्थिती कायम असताना' हे त्या कोंडवाड्याचे नाव. आम्ही खेड्यातली मुले कोंडवाडा चांगला ओळखतो. चुकार जनावर आत घालतात, पण ते मेलेले नसते. दार उघडले की पुन्हा बाहेर येते. आलेखातही तसेच आहे. फक्त किंमत बदलली तर आपण त्याच रेषेवरून वर किंवा खाली सरकतो, याला मागणीचा संकोच किंवा विस्तार म्हणतात. पण कोंडवाड्याचे दार उघडून उत्पन्न बाहेर आले, म्हणजे समजा गावात कारखान्याचा पगार झाला, तर रेषाच जागा सोडून उजवीकडे सरकते. ती मागणीतील वृद्धी. परीक्षेत सर्वांत जास्त गुण या दोहोंच्या गल्लतीत जातात. आकृती काढण्यापूर्वी कोंडवाड्यातून कोण सुटले आहे ते स्वतःला विचारावे, म्हणजे रेषेवरून चालायचे की रेषा हलवायची ते समजते.

आता पुन्हा चरित्राकडे वळू. १८७० च्या सुमारास मार्शल केंब्रिजला वर्गात आकृत्या काढून शिकवीत होते, पण छापायला मात्र तयार नव्हते. प्रत्येक गोष्ट शंभरदा तपासायची हा त्यांचा स्वभाव. या दिरंगाईत जेव्हन्स यांचे पुस्तक १८७१ साली आले, वॉल्रा यांचे १८७४ साली आले, आणि नव्या विचारांचे श्रेय आधी त्यांना गेले. मार्शल यांची काही प्रकरणे १८७९ साली त्यांचे स्नेही सिजविक यांनी खाजगी वितरणापुरती छापून घेतली, तेवढेच.

याच काळात केंब्रिजमध्ये मुलींच्या शिक्षणाला नुकतीच सुरुवात झाली होती. १८७१ साली एका भाड्याच्या घरात पाच मुली राहायला आल्या. पुढच्या न्यूनहॅम कॉलेजचा तो प्रारंभ. त्या पाचांपैकी एक मेरी पेली. मार्शल या मुलींना शिकवायला जात. मेरी पेली यांनी १८७४ साली नीतिशास्त्र शाखेची ट्रायपॉस परीक्षा दिली. परीक्षा दिली, पण ती एका प्राध्यापकाच्या दिवाणखान्यात बसून, कारण मुलींना अधिकृतपणे परीक्षेला बसण्याचा हक्कच नव्हता. चार परीक्षकांपैकी दोघांनी त्यांना प्रथम वर्ग दिला, दोघांनी द्वितीय. पदवी अर्थातच नाही. दुसऱ्या वर्षापासून त्या न्यूनहॅमला अर्थशास्त्र शिकवू लागल्या आणि १८७७ साली त्यांचा मार्शल यांच्याशी विवाह झाला. पत्नीने पतीची आज्ञा पाळावी ही शपथ दोघांनी विवाहविधीतून ठरवून वगळली होती. विवाहित माणसाला कॉलेजचा फेलो राहता येत नसे, म्हणून मार्शल यांनी केंब्रिज सोडले आणि ब्रिस्टल येथील नव्या कॉलेजचे ते प्राचार्य झाले. तिथे मेरीबाईही शिकवीत, आणि त्यांचे वेतन नवऱ्याच्या पगारातून कापून दिले जाई. दोघांनी मिळून लिहिलेले उद्योगाच्या अर्थशास्त्रावरील पुस्तक १८७९ साली प्रसिद्ध झाले. मार्शल यांना पुढे ते आवडेनासे झाले. नंतर त्यांनी ते बंद केले आणि १८९२ साली जवळजवळ त्याच नावाचे एकट्याचे पुस्तक काढले.

ब्रिस्टलला मार्शल यांना मूतखड्याचा विकार जडला आणि विश्रांती घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. १८८१ साली प्राचार्यपद सोडून दोघे इटलीला गेले व सिसिली बेटावरील पालेर्मो शहरात हिवाळाभर राहिले. तिथल्या छोट्या हॉटेलच्या गच्चीवर न्हाणीच्या टबाचे झाकण डोक्यावर सावलीला धरून मार्शल लिहीत बसत. एके दिवशी ते अत्यंत खुशीत गच्चीवरून खाली आले. मागणीची लवचिकता ही कल्पना त्यांना त्या दिवशी सापडली होती.

लवचिकतेवर जरा थांबते, कारण आलेख वाचताना आपण सर्वाधिक फसतो ते इथे. रेषा चपटी म्हणजे मागणी लवचिक आणि रेषा उभी म्हणजे ताठर, असे आपण पाठ करतो. पण उतार आणि लवचिकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा एका बाजारात भाव किलोला १० रुपये असला तर काहीच खपत नाही, आणि भाव एक रुपया उतरला की खप १० किलोंनी वाढतो. आलेख कागदावर ही सरळ रेषा आली, उतार सगळीकडे एकच. आता भाव ८ रुपये असताना खप २० किलो, एकूण १६० रुपये मिळाले. भाव ७ केला तर खप ३० किलो आणि मिळाले २१० रुपये. म्हणजे भाव पाडून फायदा झाला. पण भाव २ रुपये असताना खप ८० किलो, मिळाले तेच १६० रुपये. तो १ रुपया केला तर ९० किलो खपून हाती ९०च रुपये येतात. रेषा तीच, उतार तोच, पण वरच्या टोकाला मागणी लवचिक आणि खालच्या टोकाला ताठर! मार्शल यांनी हे पट्टीने मोजण्याची सोपी रीत दिली. वक्रावरच्या बिंदूला स्पर्शिका काढा आणि ती दोन्ही अक्षांना भिडवा. बिंदूपासून खालच्या तुकड्याची लांबी भागिले वरच्या तुकड्याची लांबी म्हणजे लवचिकता. आपल्या उदाहरणात ८ रुपयांच्या बिंदूला ती ४ येते, २ रुपयांच्या बिंदूला पाव येते, आणि बरोबर मध्यावर, ५ रुपयांना, एक. हे मी घरी चौकटीच्या कागदावर तीनदा काढून पाहिले. तिसऱ्यांदा आण्णांनी विचारले की हे काय चालले आहे. मी सांगितल्यावर ते म्हणाले की भाव पाडून कधी परवडते आणि कधी नाही हे त्यांना ठाऊकच आहे, पण ते पट्टीने मोजता येते हे माहीत नव्हते.

इटलीहून परतल्यावर थोडा काळ ब्रिस्टल आणि मग १८८३ साली मार्शल ऑक्सफर्डला गेले. तिथे त्यांच्यापुढे भारतात सनदी नोकरीवर जाणारे तरुण गोरे उमेदवार बसत. आपला देश त्यांच्या विचारांत पुन्हा एकदा आला तो १८९९ साली. रुपयाच्या प्रश्नावर नेमलेल्या फाउलर समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. ज्या चलनव्यवस्थेची ती समिती चर्चा करीत होती तिचाच कसून समाचार डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ सालच्या आपल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात घेतला आहे.

१८८४ च्या अखेरीस केंब्रिजचे प्राध्यापकपद रिकामे झाले आणि मार्शल तिथे निवडून आले. त्यानंतर ते शेवटपर्यंत केंब्रिजलाच राहिले. १८८५ साली लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात त्यांनी आलेखपद्धतीवर एक निबंध वाचला. स्वतःसाठी तर त्यांनी एक वहीच बनवली होती, तिला तांबडे पुस्तक म्हणतात. तिच्या पानापानांवर किमती, व्यापार अशा अनेक बाबींचे कालक्रमाने काढलेले आलेख होते, आणि प्रत्येक पानावर सालांची मांडणी तंतोतंत एकाच जागी होती. एखाद्या सालावर टाचणी टोचली की ती सगळ्या पानांतून त्याच सालावर आरपार जाई. मग पाने उलटून त्या वर्षी कशाचे काय झाले ते पाहायचे. एक आलेख एकटा वाचू नये, शेजारच्याशी ताडून पाहावा, हे शिकवण्याची याहून चांगली युक्ती माझ्या तरी पाहण्यात नाही.

शेवटी १८९० साली त्यांचा 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स' हा महाग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या आठ आवृत्त्या त्यांच्या हयातीत निघाल्या. त्यात ग्राहकाच्या संतोषाधिक्याचे उदाहरण चहाचे आहे. एक माणूस पहिल्या पौंड चहाला २० शिलिंग द्यायला तयार आहे, दुसऱ्याला १४, मग १०, ६, ४, ३ आणि सातव्याला २. बाजारभाव २ शिलिंग असेल तर तो सात पौंड घेतो आणि १४ शिलिंग देतो. पण त्याच्या लेखी त्यांची किंमत ५९ शिलिंग आहे. वरचे ४५ शिलिंग त्याला फुकटात मिळालेले समाधान. आलेखात ते मागणी वक्राखाली आणि किमतीच्या रेषेवर असलेल्या त्रिकोणासारख्या भागात दिसते. आम्ही तो भाग पेन्सिलीने रेघोट्या मारून दाखवतो. रेघोट्या कसल्या, हे ५९ वजा १४ केल्यावरच मला समजले.

आणि आता सर्वांत मोठी गंमत. दुसरा रँग्लर असलेल्या या माणसाने त्या ग्रंथातल्या सगळ्या आकृत्या तळटीपांत टाकल्या आणि गणित परिशिष्टात! व्यापारी, कारखानदार, सामान्य वाचक यांना पुस्तक वाचता यावे ही त्यांची इच्छा. १९०६ साली बाउली या संख्याशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली रीत सांगितली आहे. गणित लघुलिपीसारखे वापरा, काम होईपर्यंत धरून ठेवा, मग साध्या भाषेत मांडा, खऱ्या जीवनातले दाखले द्या आणि गणित जाळून टाका. दाखले सापडलेच नाहीत, तर मांडलेलेच जाळा. आपल्याकडे उलटे झाले आहे. त्यांच्या तळटीपा आपल्या प्रश्नपत्रिकेत आल्या आणि दाखले मात्र गळाले.

इथपर्यंत मला मार्शल यांच्याबद्दल नुसता आदर होता. पुढचे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. १८९६ साली केंब्रिजमध्ये मुलींना पदवी द्यावी की नाही हा वाद पेटला. ज्यांनी न्यूनहॅमच्या पहिल्या मुलींना शिकवले, ज्यांची पत्नी त्यांतलीच एक, ते मार्शल पदवीच्या विरोधात उभे राहिले. त्यांनी विरोधाचे पत्रक छापून वाटले. स्त्रिया परीक्षेचा अभ्यास नेटाने करतात, पण स्वतंत्र विचार त्यांच्या बुद्धीला पेलत नाही, असे त्यांचे मत झाले होते. मे १८९७ मध्ये मतदान झाले. विरोधात सतराशेहून अधिक मते पडली, बाजूने साडेसहाशेच्या आसपास. त्या दिवशी विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा रस्त्यावर टांगला होता. आपल्या मुंबई विद्यापीठातून कॉर्नेलिया सोराबजी १८९० पूर्वीच पदवीधर झाल्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे केंब्रिज किती मागे होते ते कळते.

मी या माणसाचे चरित्र लिहावे की नाही, असा प्रश्न मला पडला. ज्याचा आलेख समजून घ्यायला मी वर्ष घालवले, त्याने मला त्या वर्गात बसू दिले असते, पण पदवी दिली नसती. माझ्या गावात तर मला कॉलेजात पाठवू नये म्हणणारे आजही आहेत, आणि ते काही रँग्लर नाहीत. मैत्रिणीचे म्हणणे असे की तो काळच तसा होता. मला ते पटत नाही, कारण त्याच काळात, त्याच गावात साडेसहाशे माणसांनी बाजूने मत दिले होते. सिजविक तर आयुष्यभर मुलींच्या शिक्षणासाठी झटले. तरीही लिहायला घेतले, कारण लवचिकता खरी आहे आणि ती मला उपयोगी पडते.

पुढची हकिकत थोडक्यात सांगते. १९०३ साली मार्शल यांच्या खटपटीने केंब्रिजमध्ये अर्थशास्त्राची स्वतंत्र परीक्षा सुरू झाली. तरुण व्याख्यात्यांचे मानधन ते वेळप्रसंगी पदरचे देत. १९०८ साली ते निवृत्त झाले व त्यांच्या जागी त्यांचे शिष्य पिगू आले. दुसरे शिष्य केन्स यांचे नाव तर सर्वांना माहीत आहेच. १९१९ आणि १९२३ साली त्यांची आणखी दोन पुस्तके आली. १३ जुलै १९२४ रोजी, वयाची ८२ वर्षे पूर्ण होण्याच्या तेरा दिवस आधी, केंब्रिजमधील राहत्या घरी ते निवर्तले.

मेरीबाई त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे जगल्या. नवऱ्याच्या मतांविरुद्ध त्या जाहीरपणे कधी बोलल्या नाहीत. मार्शल यांची पुस्तके विद्यापीठाला देऊन त्यांतून मार्शल ग्रंथालय उभे राहिले, त्याला त्यांनी पैसेही दिले आणि स्वतः तिथे काम करू लागल्या. ऐंशी वर्षे उलटून गेल्यावरही त्या रोज सकाळी सायकलवरून ग्रंथालयात येत आणि मुलांना पुस्तके काढून देत. फावल्या वेळात जलरंगात निसर्गचित्रे काढीत. १९४४ साली त्या वारल्या. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला सुरुवात केली १९४८ साली. टाचणी टोचायचे ते तांबडे पुस्तक मार्शल यांच्या कागदपत्रांबरोबर त्याच ग्रंथालयाकडे आले.